तिचा आकडा

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. मुलीजवळ नाही. देवाजवळ तर नाहीच — त्याच्याशी माझं कधीचंच बिनसलंय.

बायकोच्या आजारपणात यानं हात आखडता घेतला, असं माझा मेव्हणा राजाजीनगरभर सांगत फिरतो. साफ खोटं! त्याला मी घरातून हाकललं, पुन्हा आला तर पुन्हा हाकलीन. माझा गुन्हा वेगळाच आहे, आणि तो त्याला ठाऊक नाही.

पीण्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत मी एका जुन्या लेथवर सुरुवात केली आणि घासाघीस करत वर आलो. समोरच्यानं आकडा उच्चारला की तो खाली ओढायचा — हे माझ्या हाडात मुरलंय. त्याची लाज का वाटावी?

शारदाचा कॅन्सर हाडांत उतरला तेव्हा दवाखान्यातल्या नर्सअक्कांनी आम्हा दोघांना टॅबवर एक व्हिडिओ दाखवला. चेहऱ्यांची रांग, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, शून्य ते दहा. किती दुखतंय ते पेशंटनं सांगायचं, घरच्यांनी फोनवर कळवायचं. आकडा चढला तर डॉक्टर औषध वाढवणार. औषध वाढणं म्हणजे शेवट नव्हे, हेही त्यात स्पष्ट सांगितलं होतं.

"पेशंट म्हणेल तेच खरं, अण्णा," अक्का म्हणाल्या.

"सरी," मी कानडीत हो म्हणालो. मला सगळं समजलं होतं. समजलं नाही असं आता कुठल्या तोंडानं म्हणू?

घरी विचारलं, तर शारदा म्हणाली, "आठ."

"आठ? आत्ता तर कॉफी पीत मालिका बघत होतीस!"

"बरं, सात."

"सातवाल्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. तू तर वाद घालतेस."

ती हसली — खरंच हसली. "तुमच्यापुढे कुणाचं चाललंय? कळवा पाच."

मी पाच कळवले.

का? औषध वाढलं की ती चालली, हे माझ्या डोक्यातून जाईना. आकडा खाली धरून ठेवला तर आजारही खाली राहील — हो, असला व्यवहार मी केला. कुणाशी केला? समोर तर तीच होती.

पुढे ती आपणहून चार म्हणायला लागली. चादर मुठीत आवळलेली, ओठ पांढरे — आणि चार. तिकडे अक्का खूश, औषध लागू पडतंय म्हणून. आणि मला वाटलं, जमलं!

ती गेल्यावर अक्कांनी मला पेशंटच्या घरच्यांना दाखवायच्या मराठी व्हिडिओसाठी बोलावलं. कॅमेऱ्यापुढे बसून मी सांगितलं, "ती म्हणाली तोच आकडा मी मानला." तो व्हिडिओ अजून दाखवतात. नवरा असावा तर असा, असं बायका मला गाठून म्हणतात. मी ऐकून घेतो.

मेव्हण्यापुढे मी मान खाली घालणार नाही. तुम्हाला मात्र सांगतो. शेवटच्या आठवड्यातल्या एका सकाळी मी विचारलं, "किती दुखतंय?"

तिनं डोळेही उघडले नाहीत. "तुम्हीच सांगा," म्हणाली. "तुम्ही म्हणाल तेवढं."

मी तीन म्हणालो. आणि तीनच कळवले.