यादी कंपनीने घालवली नाही

गेली काही वर्षं मी एक गोष्ट सांगत आलो. गंगापूर रोडच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात सांगितली, लिनक्स वापरणाऱ्यांच्या गटात दोनदा सांगितली, संघाच्या चार पानी मासिकात लिहिलीसुद्धा. माझ्या शाळेपासूनच्या मित्राची दीड वर्षाची मेहनत एका मोठ्या कंपनीने पुसून टाकली आणि वर साधं उत्तरही दिलं नाही, अशी ती गोष्ट. ऐकणारे हळहळायचे. मग मी म्हणायचो, "म्हणून सांगतो, आपली माहिती आपल्या हातात ठेवा."

त्या गोष्टीतला कंपनीचा भाग खोटा आहे. यादी माझ्या हातून गेली. आणि ती गेल्यावर मी जे केलं, ते तिच्या जाण्यापेक्षा वाईट होतं. ज्यांनी ती गोष्ट माझ्या तोंडून ऐकली, त्यांनी आता ही वाचावी.

माझा मित्र पंचवटीत राहतो. घराण्याचं काम तीर्थोपाध्येपणाचं. रामकुंडावर विधी करायला बाहेरगावहून माणसं येतात तेव्हा ती कुठल्याही उपाध्यांकडे जात नाहीत, आपल्या घराण्याच्या उपाध्यांकडे जातात. उपाध्ये गाव विचारतात, आडनाव विचारतात आणि आतून कापडात बांधलेली वही आणतात. त्यात आलेल्या माणसाच्या आजोबांचं, पणजोबांचं नाव असतं, कधी सही, कधी अंगठा. आज आलेल्याने आपलं आणि मुलाबाळांचं नाव खाली लिहायचं. अशा वह्यांनी मित्राच्या घरातली दोन कपाटं भरलेली आहेत. सगळ्यात जुन्या वह्या मोडी लिपीत आहेत.

त्या वह्यांना क्रम नाही. कोणतं घराणं कोणत्या वहीत, हे मित्राच्या डोक्यात होतं, त्याआधी त्याच्या वडिलांच्या. गाव धरणाखाली गेलं आणि माणसं दुसरीकडे वसली, तरी त्यांची पानं जुन्या गावाच्या वहीत. एका घराण्याने आडनाव बदललं, तरी नोंद पहिल्याच आडनावाखाली. वहीच्या पानावर हे कुठे लिहिलेलं नाही. मित्र मात्र नाव ऐकताच उठायचा आणि नेमकी वही काढायचा.

मग तो विसरायला लागला. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग औषध घेतलं की नाही ते. डॉक्टरांनी घरच्यांना स्पष्ट सांगितलं की हे वाढत जाणार, जुन्या आठवणी शेवटपर्यंत टिकतील असं नाही. त्याच्या सुनेने त्याच आठवड्यात काम सुरू केलं. तिने मोडीचा वर्ग केलेला होता. दुपारी यात्रेकरू गेले की ती लॅपटॉप घेऊन सासऱ्यांसमोर बसायची. ती गाव म्हणायची, तो डोळे मिटून सांगायचा: अमक्या रंगाच्या पुठ्ठ्याची वही, मधली पानं, हे मूळचे तिकडचे, दुष्काळात इकडे आले, आडनाव तेव्हा वेगळं. ती हे सगळं एका तक्त्यात उतरवायची. सोबत पानांचे फोटोही काढायची. फोटो पुन्हा काढता आले असते. तक्ता म्हणजे त्याचं डोकं होतं.

मी अधूनमधून तिथे जाऊन बसायचो. मला बघून मित्र सुनेला म्हणायचा, "हा अंबडचा मेकॅनिक आला. याला खुर्ची दे लवकर, नाहीतर देवघरातली घंटा उघडून आत काय आहे ते बघेल."

तो म्हणायचा ते खरं होतं. अंबडच्या एका कारखान्यात मी सगळी नोकरी यंत्रांच्या देखभालीत काढली. बंद पडलेलं यंत्र उघडायचं, कारण शोधायचं, पुन्हा जोडायचं. लिनक्स ही संगणक चालवणारी खुली प्रणाली मला त्याच कारणाने आवडली. ती उघडून बघता येते. निवृत्तीनंतर घरातल्या संगणकावर मी दुसरं काही ठेवलं नाही आणि त्यापायी भांडणंही भरपूर केली. प्रिंटर बनवणारी कंपनी सांगायची, तुमची प्रणाली आम्ही ओळखत नाही. बँकेचं संकेतस्थळ म्हणायचं, दुसऱ्या ब्राउझरमधून या. दोन वर्षं चांगला चाललेला टीव्ही एका अपडेटनंतर चालू करताक्षणी जाहिराती दाखवायला लागला. तक्रारीचा फोन लावला की आवाज सांगायचा, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग वीस मिनिटं संगीत. यातल्या बहुतेक तक्रारी रास्त होत्या, आजही आहेत. पण माझी बाजू बरोबर असण्याची मला इतकी सवय झाली होती की आपण चुकू शकतो हे लक्षातच यायचं नाही.

सुनेचा तक्ता आणि फोटो एका कंपनीच्या फुकट साठवणीत, मित्राच्या नावाच्या खात्यात होते. एक दिवस ती म्हणाली, "काका, हे रोज सांगतंय जागा संपली, पैसे भरा. नाहीतर नवीन काही घेणार नाही म्हणतंय."

मित्र म्हणाला, "अरे, गोदावरीला पूर आला तरी एवढ्या सूचना येत नाहीत."

मी म्हणालो, "आधी फुकट द्यायचं, सवय लावायची आणि मग मान धरायची. त्यांचा धंदाच तो. सगळं इथे घरात आणू. लॅपटॉपवर लिनक्स टाकतो, शेजारी एक डिस्क ठेवतो. कुणाला विचारायला नको."

सून म्हणाली, "थोडे पैसे भरले तर चालणार नाही का? निदान यादी पूर्ण होईपर्यंत."

"चालेल. पण मग आयुष्यभर भरत बसशील."

घरी बायकोने ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "त्यांच्या वह्यांना तुम्ही हात लावू नका. आपल्या प्रिंटरवर चार वर्षं टेबलक्लॉथ आहे."

मी हात लावला. एका रविवारी लॅपटॉप घरी आणला. कंपनीच्या साठवणीतला फोल्डर लॅपटॉपवरही दिसत होता, फोटो आणि तक्ता दोन्ही. तो अख्खा फोल्डर मी नव्या डिस्कवर उतरवला. फाइलींची संख्या जुळवली, जुळली. मग लॅपटॉप पुसून लिनक्स टाकलं. मित्राकडे जाऊन त्याच्या फोनवर आलेला ओटीपीचा आकडा घेतला आणि कंपनीचं खातं कायमचं बंद केलं. ते बंद करताना मला बरं वाटलं, हेही लिहायला हवं. ते बंद करण्याची गरज नव्हती. तसंच पडून राहिलं असतं तरी काही बिघडलं नसतं. मला कंपनीला दाखवून द्यायचं होतं.

फोटो खरोखर उतरले होते. तक्ता उतरला नव्हता. तो कंपनीच्या संकेतस्थळावरच बनलेला होता आणि लॅपटॉपवर दिसत होती ती फक्त तिथे जाण्याच्या पत्त्याची फाइल, दोन ओळींची. नाव तक्त्याचंच होतं, म्हणून संख्येत ती मोजली गेली. या कंपन्या असं करतात हे मला माहीत होतं. संघातल्या दोघांना मी ते समजावून सांगितलं होतं. पण मी ती एक फाइल उघडून पाहिली नाही.

पाच-सहा दिवसांनी सुनेचा फोन आला. "काका, यादी उघडत नाहीये. नुसता पत्ता दिसतोय आणि तो दाबला की खातं नाही म्हणतंय."

मी म्हणालो, "बघतो. तू त्याला हात लावू नको."

फोन ठेवण्याआधीच मला काय झालं ते कळलं होतं. उपाय होता. खातं बंद केल्यावर काही दिवस ते परत उघडता येईल, असं बंद करतानाच पडद्यावर आलं होतं आणि मी ते वाचलं होतं. त्यासाठी मित्राच्या फोनवर येणारा आकडा हवा होता. म्हणजे पंचवटीत जायचं, मित्रासमोर, सुनेसमोर बसायचं आणि सांगायचं की माझं चुकलं, आकडा द्या. दहा मिनिटांचं काम.

मी गेलो नाही. दुसऱ्या वाटा शोधत राहिलो. पुसलेल्या लॅपटॉपमधून जुनं काही परत मिळतं का ते पाहिलं, कंपनीचा मदतीचा फॉर्म माझ्या घरून भरला. "आपणच खात्याचे मालक आहात याची आम्हाला खात्री पटली नाही," असं उत्तर आलं. ते उत्तर बरोबर होतं. मालक मी नव्हतोच. असे दिवस गेले आणि मुदत संपली.

त्यानंतर मी पंचवटीत गेलो आणि म्हणालो की कंपनीने यादी पुसली आहे. सगळ्यांना लगेच पटलं, कारण इतकी वर्षं मी त्यांच्याकडे बसून कंपन्यांबद्दल तेच बोलत आलो होतो.

सून म्हणाली, "मी पुन्हा लिहून घेते. बाबांना अजून बरंच येतंय."

मित्र म्हणाला, "बस ना, आत्ताच बस. मी कुठे चाललोय?"

तेव्हा मी जे बोललो, त्यासाठी हे लिहितो आहे. मी म्हणालो, "घाई करू नको. मी वरपर्यंत तक्रार केली आहे. त्यांच्याकडे प्रत असतेच, त्यांना द्यावीच लागेल."

मी कुठलीही तक्रार केली नव्हती. पुन्हा पहिल्यापासून बसायचं म्हटलं की रोज मला ते बघावं लागलं असतं, एवढंच कारण. सून थांबली. तिला घरचं होतं, यात्रेकरूंचं होतं, मुलाची दहावी होती. ती अधूनमधून विचारायची, "काही उत्तर, काका?" आणि मी म्हणायचो, "चालू आहे." उन्हाळा गेला, पावसाळा गेला, दिवाळी गेली. त्या वर्षभरात मित्राच्या डोक्यातलं एकेक गाव पुसलं गेलं. पुढे एकदा तिने त्याच्यासमोर बसून गावाचं नाव घेतलं, तेव्हा तो म्हणाला, "वही? कसली वही?" त्यानंतर तिने मला विचारायचं सोडलं.

यंदा उन्हाळ्यात मी त्यांच्या ओटीवर मित्राशेजारी बसलो होतो. तो मला ओळखतो, पण आम्ही दोघं शाळेतच आहोत असं त्याला वाटतं. एक म्हातारे गृहस्थ मुलाला घेऊन आले. त्यांचं गाव धरणात गेलेलं. सुनेने तीन वह्या काढल्या, चाळल्या, मिळालं नाही. हात जोडून ती म्हणाली, "माफ करा. आमच्याकडे सगळ्याची यादी होती, कंपनीने घालवली." माझा मित्रही मान हलवून म्हणाला, "हो, कंपनीने."

ते दोघं गेल्यावर मी तिला सांगितलं. फाइल, खातं, मुदत, सगळं. वह्या कापडात बांधताना ती ऐकत होती.

"म्हणजे तक्रार केलीच नव्हती?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"नाही."

तिने गाठ मारली. "खातं गेलं ते जाऊ दे, काका. माणसाच्या हातून होतं. पण त्या वर्षी बाबा स्वतः म्हणाले होते, आत्ताच बस. तुम्ही समोर होतात."

मी म्हणालो की संघात सगळ्यांसमोर सांगतो, मासिकात लिहितो.

"ते तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली. "मला त्याचा काय उपयोग? मोडी तुम्हाला वाचता येत नाही ना? मग मी वाचेन, तुम्ही लिहा. सोमवारी आणि गुरुवारी, दुपारी. आणि संगणक कोणता ते मी ठरवणार."

तिने नवा लॅपटॉप आणला, दुकानातून आला तसाच. कंपनीला दरमहा पैसे भरते. मी त्यावर टंकलेखन करतो, आणखी काही बोलत नाही. तिचा नवरा सिन्नरला कामाला आहे. तो लवकर घरी आला की आतल्या खोलीत जातो आणि मी निघेपर्यंत बाहेर येत नाही. मी त्याला दोष देत नाही.

आम्ही वह्या पहिल्या पानापासून वाचतो आहोत. जे पानावर लिहिलेलं आहे ते यादीत येतं. जे मित्राला माहीत होतं ते येत नाही. कुठलं घराणं कुठून कुठे गेलं, कुणाचं आडनाव आधी काय होतं, याचा रकाना तिने तक्त्यात ठेवला आहे आणि तो जवळपास सगळा रिकामा आहे.

गेल्या गुरुवारी खानदेशातून एक जोडपं आलं. वडिलांचा विधी करायचा होता. गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. आम्ही दोघांनी चारपर्यंत शोधलं. सून माझ्याकडे बघत होती. तिने काही म्हणायच्या आत मी त्यांना सांगितलं, "तुमची नोंद या कपाटात नक्की आहे. कोणत्या वहीत आहे हे यांच्या सासऱ्यांना पाठ होतं, आणि ते लिहूनही ठेवलं होतं. ते माझ्यामुळे गेलं."

त्या माणसाने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुम्ही यांचे कोण?"

"मित्र."

"मग आता?"

सून म्हणाली, "नवीन पान घालते. तुम्हाला आठवतात तेवढी नावं सांगा. जुनं सापडलं की फोन करेन."

त्याला वडील आणि आजोबा आठवत होते. पणजोबांचं नाव तो बायकोला विचारायला लागला. ती म्हणाली, "मला कसं माहीत असेल? मी तुमच्या घरात आले तेव्हा आजोबासुद्धा नव्हते." त्याने गावी भावाला फोन लावला. भावालाही माहीत नव्हतं. मी पणजोबांची जागा मोकळी सोडली आणि खाली आजोबांचं नाव लिहायला घेतलं.