तोफेची बाजू घेणारे सासरे

माझ्या सासऱ्यांइतकं मला चारचौघांत लाजवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. सासूबाई गेल्यावर ते आमच्या सिडकोतल्या घरी राहायला आले. वाळूजच्या एका कारखान्यात जन्मभर एकाच प्रेस मशीनसमोर उभे राहून निवृत्त झालेले. यंत्र म्हटलं की पाघळतात. मिक्सर जरा जास्त चालला की "दम खाऊ द्या त्याला!" म्हणून ओरडतील. लिफ्टमधून उतरले की वळून तिला हात जोडतील, आणि आतली माणसं माझ्याकडे बघत राहतील.

मला या वयातही टीव्हीवर व्हिडिओ गेम खेळायची खोड आहे. फळीवरून फळीवर उड्या मारत पुढं जायचं, असला तो खेळ. त्याचे भागावर भाग आले, पण एक लोखंडी तोफ प्रत्येकात असतेच. जमिनीत रोवलेली, जागची हलत नाही, नुसते गोळे सोडते. मी तिला उडवायला गेलो की मामा (सासऱ्यांना मी मामाच म्हणतो) कळवळतात. "पाव्हणं, तुमीच तिच्या हद्दीत घुसायलात की! ती बिचारी जाग्यावर उभी राहून ड्यूटी करायली. तिचं काय चुकलं?" त्यांच्या धाकानं मी तोफेला न दुखवता कडेकडेनं जायला लागलो, आणि हमखास खड्ड्यात पडतो.

यंदा खंडेनवमीला मात्र कहर झाला. कारखान्यात या दिवशी मशीनची पूजा व्हायची. आता हाताशी मशीन नाही. मामांनी माझा खेळ लावला, तोफ आली तिथं थांबवला, टीव्हीच्या काचेवर तिला हळदकुंकू वाहिलं आणि वरून झेंडूची माळ सोडली. नेमके त्याच सकाळी वैजापूरचे पाहुणे माझ्या बहिणीला बघायला आले. आधीची दोन स्थळं फिसकटलेली, त्यामुळे सगळ्यांचा जीव टांगणीला. मुलाच्या वडिलांनी टीव्हीसमोर भक्तिभावानं हात जोडले. "कुठलं देवस्थान म्हणायचं हे?"

"देव नाय, तोफ हाय," मामा म्हणाले.

"आन् गोळे कुणावर टाकती?"

"आमच्या जावयावर."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. पाहुणे "कळवतो" म्हणून गेले. दार लागताच मी बायकोला म्हणालो, "लोकांना तोंड कसं दाखवायचं?" ते मामांनी ऐकलं. त्यांनी ओल्या फडक्यानं काच पुसून काढली.

होकार आला. सुपारी फोडायला आलेल्या मुलाच्या वडिलांनी दारातच विचारलं, "आमचे तोफवाले मामा कुठं हायत?" मी हाक मारली. स्वयंपाकघराच्या दाराआडून दबका आवाज आला, "मी घरी नाय म्हणून सांगा." तो सगळ्यांना ऐकू गेला. कुणी हसलं नाही.

मी आत गेलो. इस्त्रीचा सदरा गळ्यापर्यंत बटणं लावून घातलेला, मामा भिंतीला टेकून उभे होते. मी हात धरला. "चला मामा, तुम्हालाच विचारतायत."

"नको पाव्हणं. पोरीचं काम हाय. माझ्यापायी परत मोडायला नको."

बाहेर पाहुणे ताटकळले होते, आणि माझा पाय काही तिथून निघेना.