पदरानं पुसलेलं तोंड

पाऊस लागला की वीटभट्टी बंद व्हायची आणि आम्ही गावी परतायचो. तोवर शाळेतल्या तुकड्या भरलेल्या असायच्या. उशिरा येणाऱ्या मुलांना सरळ ‘ड’मध्ये बसवायचे, कुणी साधी बेरीजही घालून बघायचं नाही.

काल एका शाळेच्या व्हरांड्यात एक आई आपल्या पोरीचं तोंड पदरानं पुनःपुन्हा पुसत होती. माझी आईही असंच पुसायची. एकदा ती शाळेतल्या बाईंना म्हणाली, “हिला ‘अ’मध्ये घ्या की, बाई.”

“तिथं हुशार मुलं असतात, मावशी.”

“मग हिला काही विचारून तर बघा.”

बाईंनी विचारलं नाही. आईला वाटलं, विटांची धूळ नीट निघाली नसेल म्हणून नाही म्हणाल्या. घरी आल्यावर तिनं मला पुन्हा घासून अंघोळ घातली.

मूल किती हुशार आहे हे ठरवण्याआधी त्याला एक प्रश्न विचारायला असा किती वेळ लागतो? कालची ती पोर आत गेली. तिला कुणी काही विचारलं का, मला ठाऊक नाही.

मी दहावीपर्यंत ‘ड’मध्येच शिकले. पुढे बी.एस्सी. झाले. आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली.