राज्यकर्त्यामागे एक वाटी खीर

ओमानमधल्या सोहारच्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांचं ठाम मत होतं, की पृथ्वीवर माणसं दोनच प्रकारची असतात. एक, ज्यांच्यावर कुणीतरी परक्यानं राज्य केलंय अशी. आणि दुसरी, ज्यांना आपल्यावर कुणी राज्य केलंय हे अजून कळलेलं नाही अशी. काका पोलादाच्या कारखान्यात क्वालिटीचे इंजिनियर होते. पोलाद तपासता तपासता त्यांना माणसं तपासायचीही सवय लागली असावी. लिफ्टमध्ये नवा चेहरा दिसला, की नाव-गाव विचारायच्या आधी ते विचारायचे, "हू रूल्ड यू?" बिचारा माणूस आपला मजला विसरून थेट गच्चीपर्यंत जायचा. उत्तर समाधानकारक मिळालं, की लगेच शुक्रवारच्या जेवणाचं आमंत्रण. एकेकाळी पारतंत्र्यात असलेल्या देशांची माणसं एका पंगतीत जेवली, तर जगात लढाया उरणार नाहीत, असा त्यांचा साधा विश्वास होता. "पोट भरलेला माणूस वाद घालतो वहिनी, पण मारामारीला उठत नाही," असं मला सांगून ते माझं सगळ्यात मोठं पातेलं उचलून न्यायचे. त्या पातेल्याला काकांच्या राज्यात स्वातंत्र्य कधीच मिळालं नाही.

काकू गावी रेवदंड्याला असल्यामुळे स्वयंपाक काकाच करत. बुद्धपौर्णिमेला त्यांच्या घरी खीर व्हायची, तीच त्यांनी आंतरराष्ट्रीय करून टाकली. पंगतीचा नियम असा, की ज्याच्या देशाचा स्वातंत्र्यदिन जवळ आला असेल, त्यानं बसायचं आणि बाकीच्यांनी वाढायचं. त्यानं आपल्या राज्यकर्त्यांनी काय नेलं, काय ठेवलं ते सांगायचं आणि मग एका राज्यकर्त्यामागे एक वाटी खीर खायची. फिलिपिन्सच्या नर्सबाईंना स्पॅनिश, अमेरिकन आणि जपानी अशा तीन वाट्या मिळत. तिसऱ्या वाटीला त्या जपानी लोकांवर खरोखर चिडलेल्या असत. आमचा नेपाळी वॉचमन मात्र ताठ मानेनं म्हणाला, "हम पर किसी ने राज नहीं किया, साब." काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांचं ते नेहमीचं वाक्य टाकलं, "शोधू. सापडेल कोणीतरी." शोध लागेपर्यंत त्याला एक तात्पुरती वाटी मंजूर झाली. तो शोध काही लागला नाही आणि वाटीही बंद झाली नाही.

आमचे ओमानी घरमालक एकदा भाडं न्यायला आले आणि त्या पंगतीत सापडले. काकांनी त्यांना इथल्या रीतीनं 'अर्बाब', म्हणजे मालक, म्हणत ऐकवलं, की सोहारच्या किल्ल्यात पोर्तुगीज होते, आमच्या रेवदंड्याच्या किल्ल्यातही पोर्तुगीजच होते, म्हणजे अर्बाब, आपला दोघांचा मालक एकच. आता घर सोडावं लागतंय, असंच मला वाटलं. घरमालकांनी दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हमने तो मार के निकाला. तुमने?" काका खीर ढवळत म्हणाले, "हमने भी निकाला. थोडा लेट." घरमालक खो खो हसले, वाटी संपवली आणि भाडं मागायला विसरून निघून गेले.

पंचाईत झाली ती तळमजल्यावरच्या इंग्रज म्हाताऱ्यामुळे. तो काकांच्याच कारखान्यात सेफ्टीचं काम बघायचा. बायको वारली होती, मुलं दूर. एके दिवशी त्यानं मला जिन्यात अडवून फार संकोचानं विचारलं, की शुक्रवारचं ते जेवण सगळ्यांसाठी असतं का. मी काकांना सांगितलं, तर त्यांच्या हातातला डाव थांबला. म्हणाले, "वहिनी, क्रायटेरिया म्हणजे क्रायटेरिया. ज्यानं राज्य केलंय, त्यालाच पंगतीत कसं बसवू?" त्या शुक्रवारी त्या माणसाचं दार उघडं होतं आणि तो टीव्हीसमोर एकटा सँडविच खात बसला होता. ते बघून मला काकांचा मनापासून राग आला. वर जाऊन मी सांगितलं, की साऱ्या जगात शांतता करायला निघालात, ती तळमजल्यापर्यंत तरी पोचू द्या. त्या दिवशी काकांनी सगळ्यांना वाढून झाल्यावरही स्वतः खीर घेतली नाही आणि पुढचे कितीतरी दिवस लिफ्टमध्ये कुणाला प्रश्नही विचारला नाही.

मग ते कामासाठी मस्कतला गेले. येताना तिथल्या अल मवालेहच्या फळबाजारात कलिंगडं घ्यायला थांबले. व्यापारी इजिप्तचा निघाला, त्यामुळे काकांना राहवलं नाही. त्यांनी प्रश्न विचारला आणि तो सुरूच झाला. इंग्रज, फ्रेंच, तुर्क, अरब, रोमन, ग्रीक, इराणी... इतकी खीर आमच्या पातेल्यात मावणार नाही, असं म्हणत काका हात जोडून परत निघाले आणि अर्ध्या वाटेत एकदम गाडी बाजूला घेऊन थांबले. त्यांनी तिथूनच मला फोन केला. "वहिनी, सापडलं. रोमन. इंग्लंडवर रोमन लोकांनी राज्य केलंय. नंतर फ्रान्सकडून नॉर्मन आले, ते वेगळे. दोन वाट्या." काकांचा आवाज इतका मोकळा मी कधी ऐकला नव्हता.

पुढच्या शुक्रवारी इंग्रजसाहेब टाय लावून आले. रोमन लोकांनी काय ठेवलं, असं विचारल्यावर त्यांनी खूप आठवून सांगितलं, "त्यांनी रस्ते बांधले, असं शाळेत शिकवतात." नर्सबाईंना जे हसू फुटलं ते आवरेना. आम्हालाही शाळेत आमच्या राज्यकर्त्यांबद्दल तेच शिकवलं होतं! पहिल्यांदा बिचाऱ्याला समजलंच नाही. समजलं तेव्हा कानापर्यंत लाल झाला आणि मग तोही हसला. त्यानंतर त्याचा एकही शुक्रवार चुकला नाही.

काका निवृत्त झाले. नोकरी संपली, की इथला व्हिसाही खलास. आपल्यामागे ही पंगत मोडणार, ही एकच खंत त्यांना खात होती. शेवटच्या शुक्रवारी ते नेहमीसारखे डाव घेऊन उभे होते, तेव्हा आमच्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत काका स्वतः कधी पंगतीत बसलेच नाहीत. इंग्रजसाहेबांनी पुढे होऊन त्यांच्या हातातला डाव काढून घेतला आणि खांदे धरून त्यांना खाली बसवलं. मग वाटी भरली आणि इंग्रजीत हळूच म्हणाले, "ही आमची वाटी. ही मीच वाढायला हवी." वाटी जरा जास्तच भरली होती, त्यामुळे अर्धी खीर काकांच्या पँटवर सांडली. काकांनी एक घास घेतला, चष्मा काढून बराच वेळ पुसला आणि म्हणाले, "साखर कमी पडलीय." खीर त्यांनीच केली होती.

आता काका रेवदंड्याला असतात. माझं पातेलं तळमजल्यावर असतं आणि खीर दर शुक्रवारी थोडी करपते. परवा लिफ्टमध्ये थायलंडचे एक गृहस्थ भेटले. इंग्रजसाहेबांनी त्यांना आमच्या काकांचा प्रश्न विचारला. ते गृहस्थ अभिमानानं म्हणाले, आमच्यावर कुणीच नाही. म्हाताऱ्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि थेट काकांच्या सुरात, चक्क मराठीत म्हणाला, "शोधू. सापडेल कोणीतरी." मला काकांची इतकी आठवण आली, की माझा मजला कधी मागे गेला, ते कळलंच नाही.