फोडणी नसलेलं घर

दारात उभ्या राहिल्या की बाई आधी वास घेत, मग माणसाकडे बघत. "आधी वास, मग विचारपूस," त्या म्हणत. तुम्ही पाहिलं असतंत तर वाटलं असतं, कुणाकडे काय शिजतंय याची यांना नसती उठाठेव.

फाळणीनंतरची ती वर्षं. बागबाजारच्या कालव्याकाठी पूर्व बंगालातल्या निर्वासितांच्या झोपड्या होत्या आणि त्यांत देवीची साथ शिरली होती. बाई कलकत्त्यातच जन्मलेल्या, आमच्या शेजारी राहणाऱ्या. वस्त्यांतून देवी टोचणं हे त्यांचं काम. मी बदलीवर आलेला कारकून. रविवारी त्यांच्यामागे वही घेऊन नावं लिहायला जायचो.

घरात देवी आल्या की फोडणी बंद, आपल्यासारखीच त्यांच्याकडेही. आजारी माणूस कुणी दाखवत नसे, कारण कळलं की इस्पितळाची गाडी येई, आणि गाडीतून गेलेलं कुणी परतलेलं वस्तीने पाहिलं नव्हतं. म्हणून बाई नेमक्या स्वयंपाकाच्या वेळी फिरत. जिथे मोहरीच्या तेलाचा वास नाही, तिथे आत जाऊन बसत. नियमाप्रमाणे गाडी बोलवावी लागे. त्या दिवशी बाई जेवत नसत.

एका रविवारी सगळ्या गल्लीत फोडणीचा घमघमाट. मी म्हणालो, "साथ ओसरली वाटतं." बाईंचा चेहरा उतरला. "अरे, कालपर्यंत यांच्याकडे तेल कुठे होतं?"

त्यांनी पहिल्याच झोपडीचा पडदा सारला. चुलीवर कढई, कढईत नुसतं तेल जळत होतं. मागे केळीच्या पानावर पाच-सहा वर्षांची मुलगी, अंगभर फोड. आईने हात जोडले. "गाडी डाकबेन ना, दिदी." गाडी बोलावू नका.

देवीपेक्षा ती आम्हाला जास्त भ्यायली होती. मला लाज वाटली.

बाई खाली बसल्या. मग म्हणाल्या, "नाही बोलावणार गाडी. पण गल्लीतल्या प्रत्येकाने टोचून घ्यायचं." संध्याकाळपर्यंत माणसं आपण होऊन येत राहिली. लिहून लिहून माझा हात दुखला.

पण माझ्या घरी चार महिन्यांचं मूल होतं, अजून न टोचलेलं. रात्रभर मला ती मुलगीच दिसत राहिली. सोमवारी कचेरीत जाता जाता मी साथीच्या ऑफिसात शिरलो आणि ती झोपडी सांगून आलो. दुपारी गाडी गेली. तिसऱ्या दिवशी मुलगी इस्पितळात दगावली.

पुढच्या रविवारी एकही पडदा सरला नाही. बाई त्या झोपडीसमोर थांबल्या. आतून आईचा आवाज आला, "कथा दियेछिलेन, दिदी." शब्द दिला होतात.

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. मग पडद्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "हो ग, दिला होता."

त्यानंतर त्या वस्तीत कुणीच टोचून घेतलं नाही, आणि साथ पार शेवटच्या झोपडीपर्यंत गेली. महिन्याभरात बाई दुसरीकडे काम मागून निघून गेल्या. माझं नाव त्यांनी कुणापाशी काढलं नाही. त्या दिवशी पडद्यासमोर मी त्यांच्या शेजारीच वही घेऊन उभा होतो, आणि गप्प राहिलो.