पनवेलच्या वेळेचं घड्याळ

"त्या दिवशी पानी चालाचं नाय," हिराबाई म्हणाल्या.

आमच्या पनवेलच्या ऑफिसात पेरूच्या ग्रुपची शेवटची मीटिंग चालू होती. ट्रॅव्हल कंपनीत माझी पंचवीस वर्षं झाली. यलो फीवरची लस दहा दिवस आधी घ्या, कार्ड पासपोर्टसोबत ठेवा, नाहीतर परतल्यावर एअरपोर्टवरूनच क्वारंटाइन, हे सांगून सांगून घसा बसला होता. शेवटचा मुद्दा पाण्याचा. कुस्को शहर अकरा हजार फुटांवर आहे. हवा विरळ, दर श्वासात प्राणवायू कमी मिळतो. शरीराला सवय व्हायला दोन-तीन दिवस लागतात. त्याला आम्ही अ‍ॅक्लमटायझेशन म्हणतो. तोवर हळू चालायचं, हलकं खायचं आणि पाणी पीत राहायचं. आणि ग्रुप कुस्कोला उतरणार त्याच दिवशी संकष्टी होती.

तारखा मीच लावल्या होत्या. दिवाळी बघितली, शाळांच्या सुट्ट्या बघितल्या, चतुर्थी बघायची राहिली. हिराबाईंची संकष्टी निर्जळी. चंद्र दिसेपर्यंत पाण्याचा थेंब नाही, चाळीस वर्षं.

हिराबाई बेलपाड्याच्या, माहेर जासईचं. वडिलांचं मिठागर होतं. लहानपणी त्यांनी तिथे मीठ ओढलंय, आता तिथे कंटेनर उभे असतात. मुलगा नीलेशने मोबाइलवर कुस्कोजवळच्या डोंगरातलं मिठागर दाखवलं, तेव्हा कुठे त्या यायला तयार झाल्या. "माचू पिचू तुमी बघा. मला मिठागर बघाचाय," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मी केबिनमध्ये आमच्या मोठ्या सरांकडे गेले. "सर, एक दिवस लिमात वाढवू या. लिमा समुद्राकाठी आहे, तिथे उपास झाला तर काही होणार नाही."

"चौदा जणांची तिकिटं एका उपासासाठी बदलायची?"

"मॅडम, मी पाजतो आईला पाणी," मी केबिनबाहेर आले तसा नीलेश म्हणाला. चाळीस वर्षांचा नेम मुलगा मोडणार, हे काही मला पटलं नाही.

मग मला युक्ती सुचली. पेरू आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे. पनवेलला चंद्रोदय रात्री सव्वानऊचा, म्हणजे तिथे सकाळचे पावणेअकरा. "मावशी," मी म्हटलं, "गणपती तुमच्या देव्हाऱ्यातला. मग चंद्रही इथलाच धरा. सूनबाई घरीच आहेत, त्या गच्चीवरून व्हिडिओ कॉलवर दाखवतील. बघा आणि लगेच पाणी प्या."

त्यांनी मान डोलावली. "चालंल. पन येळ कशी कलंल?"

"हातातलं घड्याळ बदलू नका. पनवेलच्याच वेळेवर ठेवा."

सकाळी उठल्यापासून पावणेअकरापर्यंत, म्हणजे पाच-सहा तासांचा उपास. त्याने काय होतंय, असं मी धरून चालले. आपल्याच हुशारीवर खूश होते, खोटं कशाला बोलू.

मी पनवेललाच होते. संकष्टीला रात्री नीलेशने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकला. मोबाइलच्या स्क्रीनवर बेलपाड्याचा चंद्र, मागे कुस्कोचं ऊन, हात जोडलेल्या हिराबाई. हुश्श केलं, फोन सायलेंटवर टाकला आणि झोपले. सकाळी उठले तर नीलेशचे नऊ मिस्ड कॉल. फोन लावला तेव्हा सगळं कळलं.

लिमाच्या मुक्कामात आदल्या रात्री आठ वाजता हिराबाईंनी घड्याळ बघितलं होतं. पनवेलला तेव्हा सकाळचे साडेसहा, चतुर्थीचा सूर्य वर आलेला. त्यांनी तिथेच उपास धरला. जेवायला बसल्या, "भूक नाय" म्हणाल्या. रात्रभर पाणी नाही, विमानात पाणी नाही. तशाच कोरड्या अकरा हजार फुटांवर उतरल्या. पंधरा तासांनी चंद्र बघून घटाघटा पाणी प्यायल्या ते सगळं उलटलं. डोकं ठणकायला लागलं, उभं राहवेना. तिथल्या डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, सलाइन दिलं आणि संध्याकाळी खालच्या खोऱ्यात पाठवलं. खाली आल्यावर बरं वाटायला लागलं. पण पुन्हा उंचावर न्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. माचू पिचू कुस्कोपेक्षा बरंच खाली आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. ते त्यांना बघता आलं. मिठागर मात्र जवळजवळ कुस्कोच्याच उंचीवर. बाकीचे तेरा जण तिकडे गेले, आणि हिराबाई खोऱ्यातल्या हॉटेलात बसून राहिल्या.

ग्रुप परतल्यावर मी बेलपाड्याला गेले. हिराबाईंनी चहा दिला. नीलेशने तिकडून आणलेली मिठाची पुडी उघडून चिमूटभर माझ्या हातावर ठेवली.

"आपल्यासारकाच खारा हाय," त्या म्हणाल्या.

"मावशी, माझं चुकलं. पण उपास रात्रीच धरला, हे कुणाला सांगायचं तरी."

"त्यात सांगाचं काय, बाय? चंद्र पनवेलचा धरला, मंग सूर्य पेरूचा कसा धराचा?"

हातावरचं मीठ मी जिभेवर ठेवलं.

ऑफिसच्या फॉर्मवर आता दोन नवे रकाने आहेत. 'उपास कधी सोडता' हा दुसरा. 'कधी धरता' हा पहिला.