देवीचा निरोप आणि वस्तीकडचा ऊस

गुरवाच्या मावशींनी पडवीत जागा दिली नसती, तर हे सांगायला मी येडगावात उरलेच नसते. म्हणून आधी त्या, मग देवी.

माझी शाळा सातवीत सुटली. घर नांदेडकडं, काम नि राहणं इथं एका बागायतदाराच्या मळ्यात. गावात एवढे शिकलेले लोक असताना देवीला निरोप्या म्हणून मीच सापडले. मंगळवारच्या आरतीला अंगात वारं यायचं, की लोक विचारायला पुढं: टोमॅटोला बाजार कधी येईल, पोराचा अवसरीच्या कॉलेजात नंबर लागेल का. देवी म्हणजे जणू चौकशीची खिडकीच.

एका मंगळवारी मात्र तोंडातून भलतंच आलं. "वस्तीकडच्या उसात वाघीण व्यालीय. पोरांना त्या वाटेनं शाळंत धाडू नका." बिबट्याला इकडं वाघच म्हणतात.

ऊस नेमका आमच्या मालकांचा, आणि तोड तोंडावर आलेली.

"तोडकरी पळाले तर ऊस काय देवी तोडणार व्हय?" मालक म्हणाले. "पुढच्या मंगळवारी सांग, चुकून बोलले. न्हाईतर बोचकं उचल."

सोपं काम होतं. देवी काही तहसीलात तक्रार करायला जाणार नव्हती. वारं खरं की माझीच भीती, हे आजही छातीठोक सांगता येत नाही. त्या वाटेनं जाणारी पोरं मात्र रोज दिसायची.

मंगळवार आला, वारं आलंच नाही. तशीच उभी राहिले आणि तेच पुन्हा सांगितलं.

आरती संपायच्या आत माझं बोचकं देवळाच्या पायरीवर.

"काय राव, देवीची रेंज गेली वाटतं," पारावरची मंडळी हसली.

मावशींनी बोचकं उचलून आत नेलं. "देवीला घर हाय, मग तिच्या निरोप्याला नको व्हय? चल, भाकर खा." दुसऱ्या दिवसापासून दुखरे गुडघे घेऊन त्या स्वतः पोरांना लांबच्या वाटेनं शाळेत सोडू लागल्या.

तोड सुरू झाली आणि पाचटात तीन पिल्लं निघाली. वनखात्याची गाडी यायच्या आत मालकांनी पिल्लांसोबत फोटो काढून घेतला. चौकात फ्लेक्स लागला: मालकांच्या सावधगिरीमुळं गाव वाचलं. देवीही होती त्यात, कोपऱ्यात, लहानशी.

मालकांनी परत कामाला बोलावलं. मी गेले नाही. आता दुसऱ्याच्या मळ्यात खुरपायला जाते.

मावशी, कधीतरी माझी स्वतःची खोली होईल. तेव्हा तुम्हांला तिथं नेईन, गुडघे शेकीन, भाकरी मी थापीन. हे वारं न येता सांगतेय.